टायटल विकायचं का, हे आईला विचारलंस का?

"अक्का, मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढले, आता पुण्यात नोकरीला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७२ वर्षांचे आहेत. ३८ वर्षं ते चार पानांचं साप्ताहिक चालवतात. जोडीला विडी कामगार बायकांचे अर्ज, नळाच्या पाण्याचे मोर्चे, बंद गिरण्यांच्या कामगारांची देणी. घरात पैसा कधी टिकला नाही. आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या, दुसऱ्यांदा सुटल्याच नाहीत. आता अंक तीनशे निघतो, कधी निघतच नाही. वॉर्डातला एक माजी नगरसेवक टायटल, म्हणजे साप्ताहिकाचं नोंदलेलं नाव, अडीच लाखाला मागतोय. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय. भाऊ म्हणतो, विकून मोकळे व्हा. अण्णा म्हणतात, मी मेल्यावर रद्दीत घाला. मला त्यांचा राग येतो आणि मग रागाची लाज वाटते. त्यांचं आयुष्य वाया गेलं का? मी त्यांना टायटल विकायला लावू का?"

– एक मुलगी

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला लक्षात आलं, की अण्णा काय म्हणतात ते पत्रात आहे, भाऊ काय म्हणतो ते आहे, माजी नगरसेवकाचा आकडासुद्धा आहे. आई काय म्हणते, ते कुठेच नाही. पाटल्या तिच्या, गुडघे तिचे, आणि तिला कुणी विचारलेलं दिसत नाही. तूही नाही. रागावू नकोस, घरातल्यांना हे सुचत नाही, म्हणून तर लोक बाहेरच्या अक्काला पत्र लिहितात.

मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगते. लग्नाआधी तीन वर्षं मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. एकदा एका वार्ताहरानं पूर्व भागातली बातमी आणली. विडी देताना कारखान्यात बायकांच्या हजारातल्या मूठमूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही आणि त्या विड्या परतही द्यायच्या नाहीत. दिवसभर मान मोडून वळलेल्या विड्या. गॅलीवर, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रतीवर, मी स्वतः ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी अंक उघडला, तर त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात. वार्ताहर काही बोलला नाही. सायकल काढली आणि तोच मजकूर एका साप्ताहिकवाल्याला देऊन आला. त्यानं पहिल्या पानावर छापला. तो साप्ताहिकवाला म्हणजे तुझे अण्णा नव्हेत, काळ त्यांच्या आधीचा. पण तेव्हापासून चार पानांच्या, शाई पसरलेल्या, चुकांनी भरलेल्या साप्ताहिकांबद्दल माझ्या मनात एक कोपरा मऊ आहे. माझा सल्ला वाचताना तेवढी वजावट करून घे.

आणि हेही लपवत नाही की सगळी साप्ताहिकं तशी नसतात. अर्धी वसुलीवर जगतात. बातमी छापायचे पैसे घेणारी आहेत, न छापायचे घेणारी त्याहून जास्त आहेत. तुझ्या घरातल्या पाटल्या सुटल्या नाहीत, यावरून अण्णा त्यांतले नव्हते एवढं नक्की समजतं.

आता रागाचं. राग येतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाहून घेतलेल्या माणसाच्या घरात पहिली वर्गणी घरच्यांची जाते आणि तिची पावती फाडली जात नाही. चौकात हार पडतात ते एकाच गळ्यात. तुझ्या पत्रात मागच्या पानावर तू बारीक अक्षरात एक आठवण लिहिली आहेस, ती मी वर छापली नाही, इथं घेते. दर गुरुवारी रात्री आई शेजारच्या मागावाल्याकडून वाटीभर खळ आणायची, सुताला द्यायची तीच खळ, आणि जमिनीवर बसून पत्त्याच्या पट्ट्या अंकांवर चिकटवायची. तू आणि भाऊ तालुक्याप्रमाणे गठ्ठे लावायचात. अक्कलकोट वेगळा, मोहोळ वेगळा, बार्शी वेगळा. सकाळी आईच्या बोटांना खळ वाळून पापुद्रे आलेले असायचे आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. ३८ वर्षं गुरुवार धर. मांडी घालून जमिनीवर. गुडघे कशानं गेले हे डॉक्टरला विचारायची गरज आहे का? असेलही, मी डॉक्टर नाही. पण ती या साप्ताहिकाची फुकटची वितरण व्यवस्थापक होती, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' तुला नावानं तरी माहीत असेल. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेलं पाक्षिक. पत्र कर्जात होतं, वर्गणीदार मिळत नव्हते, रकानेच्या रकाने ते एकहाती लिहून काढत. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांनी वाचकांपुढे हिशेब मांडला, की या पत्राचं ऋण हे समाजाचं ऋण नाही का. त्या लेखात त्यांनी रमाबाईंबद्दल लिहिलं. परदेशातून शिकून आलेल्या माणसाच्या बायकोनं डोक्यावरून शेणीचे भारे वाहिले आणि तिच्या सहवासात दिवसातला अर्धा तासही आपल्याला देता आला नाही, हे त्यांनी स्वतःच्या पत्रात, छापून, सगळ्यांसमोर कबूल केलं. एवढ्या मोठ्या माणसाला ते लिहिताना कमीपणा वाटला नाही. अण्णांकडे मूकनायक-बहिष्कृत भारतचे खंड असणारच, या पिढीच्या साप्ताहिकवाल्याकडे असतातच. तो लेख काढून त्यांच्यापुढे ठेव. भाषण देऊ नकोस, फक्त पान उघडून ठेव. संपादक माणूस मुलीचं ऐकत नाही, छापलेलं ऐकतो.

वाया गेलं का, या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. काय झालं ते बघू.

तू लिहिलं आहेस की अजूनही सकाळी ओट्यावर कुणी ना कुणी म्हातारी पिशवी घेऊन बसलेली असते. त्या पिशवीत काय असतं ते मला माहीत आहे. बँकेचं पासबुक, पी.एफ.चं जुनं कार्ड, आधार. कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. आपल्या पूर्व भागात हे घरोघरी. तेलुगू घरात आडनाव आधी लावतात, मराठी कारकून नाव आधी लिहितो, आणि तिसरा कुणी तरी दोन्हींची मोडतोड करतो. जन्मतारीख तर शाळेत न गेलेल्या बाईची कुठून आणायची? वर आयुष्यभर ओलं पान कातरून, दोरा गुंडाळून बोटांच्या रेषाच गेलेल्या. यंत्रावर अंगठा उमटत नाही. पी.एफ.ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये, आणि त्या हजारासाठी ही बाई जिवंत आहे हे सिद्ध करायला तीन हेलपाटे. कुणी तरी तिच्याजवळ बसून अर्ज लिहावा लागतो, कोणत्या टेबलावर द्यायचा ते सांगावं लागतं, पोच घे गं बाई, असं दटावावं लागतं. नाहीच हललं, तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज टाकावा लागतो आणि तीस दिवस मोजावे लागतात.

मोठ्या लढ्यांना नाव मिळतं, आणि मिळायलाच हवं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना २००६ मध्ये दहा हजार घरं मिळाली, ती लाल बावट्याच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यातून. पण दहा हजार घरं म्हणजे दहा हजार अर्ज, दहा हजार रेशनकार्डांच्या नकला. ते कागद भरणारे हात कुठल्या कोनशिलेवर नसतात.

आपल्याकडे पत्रकार आणि कार्यकर्ता हे दोन वेगळे प्राणी आहेत, असं शिकवायची पद्धत अलीकडची. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' चालवत होते आणि मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटनाही बांधत होते. १८८४ पासून भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. तू आता पुण्यात रविवारी उशिरापर्यंत झोपतेस ना, त्यात एका संपादकाचा हात आहे. आणि आपलं गाव तर काय सांगायचं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून तू शाळेला गेली असशील. त्यांतले कुर्बान हुसेन विशीतला पोरगा, गिरणी कामगारांत काम करायचा आणि 'गजनफर' नावाचं पत्र काढायचा. गजनफर म्हणजे सिंह. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. आपल्याकडे १२ जानेवारीला हार घालतात, लगेच गड्ड्याच्या जत्रेची गडबड सुरू होते, आणि त्यांतला एक जण संपादक होता हे पत्रकार दिनाच्या भाषणांतसुद्धा कुणी सांगत नाही.

पण अण्णांची एक चूकही सांगते. चळवळीतल्या माणसाच्या पत्राला चळवळीबद्दल वाईट लिहिता येत नाही. मोर्च्यात आपणच पुढे आणि बातमीत आपणच लेखक, मग मोर्चा फसला हे कोण लिहिणार? ३८ वर्षांत असं किती तरी राहून गेलं असेल. त्यांना विचार कधी, निवांत असताना. तू वाया गेलं का म्हणतेस ना, त्याचं खरं उत्तर त्यांच्याकडेच असेल आणि ते तुझ्या प्रश्नापेक्षा अवघड असेल.

आता टायटल.

माजी नगरसेवकाला अण्णांच्या साप्ताहिकात रस नाही, त्यांच्या नोंदणीत आहे. नवं साप्ताहिक काढायचं तर नाव मंजूर होण्यापासून सुरुवात. जुनं टायटल म्हणजे तयार घोडं. ते सरकारी जाहिरातींच्या यादीवर असेल तर निविदांच्या सूचना मिळतात, गाडीवर 'प्रेस' लावता येतं, निवडणुकीत स्वतःचा फोटो स्वतःच्या पैशात छापता येतो. अडीच लाख तो उगाच देत नाही. आणि तुम्ही विकलंत तर पुढच्या गुरुवारपासून त्याच नावाखाली, ज्या नावावर ओट्यावरच्या बायका विश्वास ठेवतात, त्याच नावाखाली तो काय छापेल, याचा विचार अण्णा करतात म्हणून ते रद्दीची भाषा करतात. हट्ट वाटतो, पण त्यात हिशेब आहे.

एक गोष्ट भावाला ठणकावून सांग. शंभरच्या बाँडवर सही करून, पैसे मोजून टायटल दिलं, असं होत नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे, आणि मालकी बदलायची तर ती रीतसर नोंदवावी लागते. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते ना ती ओळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, तिच्यात अण्णांचं नाव राहिलं आणि अंक दुसऱ्यानं काढला, तर बदनामीचा दावा, नोटीस, पोलीस, सगळं साखर पेठेतल्या पत्त्यावर येणार. ७२ व्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्या आणि तिकडे आईचे गुडघे. असले व्यवहार तोंडीच होतात, म्हणून सांगते.

माझं मत विचारशील तर विकू नये. पण ते माझं मत, आणि माझ्या पाटल्या गहाण नव्हत्या.

पैशाचं दुसरीकडे बघू. राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. वय साठच्या वर आणि पत्रकारितेत तीस वर्षं, या मुख्य अटी. आधी महिना ११ हजार होते, पुढे ते २० हजार करण्याचा निर्णय झाला. बाकीच्या अटी बारकाईनं वाच, जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन समोर बसून विचार. अण्णांनी अर्ज केला नसणार, मी पैज लावते. दुसऱ्यांचे हजार अर्ज लिहिणारा माणूस स्वतःचा लिहीत नाही. तू लिही. आजारपणासाठी शंकरराव चव्हाण यांच्या नावानं पत्रकार कल्याण निधी आहे, त्याचीही चौकशी तिथंच होईल. आणि आईच्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या रुग्णालयात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार. शस्त्रक्रियांची यादी बदलत असते, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. हे सगळं व्हायला महिने लागतील. मधल्या काळात तू आणि भाऊ मिळून आईचा एक गुडघा करून घ्या. टायटल विकून आईचं ऑपरेशन झालं, तर ती जन्मभर दोन्ही गुडघ्यांवर ते ओझं घेऊन चालेल. आया अशाच असतात, दुर्दैवानं.

सन्मान योजनेला तीस वर्षांचा पुरावा लागतो. तो कुठे आहे? माळ्यावरच्या ट्रंकेत, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत. अण्णा रद्दीत घाला म्हणतात तेच.

म्हणून विकण्या-न विकण्याच्या आधी हे काम. पुढच्या सुट्टीत चार दिवस ये. गठ्ठे खाली उतरव, वर्षाप्रमाणे लाव. घडीवर कागद तुटत असेल तर जोर करू नकोस, चिकटपट्टी तर अजिबात नको, पाच वर्षांत पिवळी पडून शाईसकट निघते. वाळवी लागलेला गठ्ठा वेगळा ठेव. मोबाइलनं दिवसा उजेडात, सपाट टेबलावर, एकेक पान सरळ वरून टिप. चार पानं गुणिले बावन्न अंक, वर्षाला दोनशेच्या आसपास फोटो. अंक चुकले असतील ते धरून आठ हजारांच्या आत काम संपेल. मग हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठात विचारून बघ, मूळ अंक ठेवून घेतात का. दुसरी प्रत हाती असल्याशिवाय मूळ देऊ नकोस. कुठल्या वॉर्डात पाणी पाच दिवसांनी यायचं, कुठल्या गिरणीचा भोंगा कधी थांबला, कुठल्या कारखान्यात हजार विड्यांना काय दर होता, हे मोठ्या दैनिकांत दोन ओळींत असेल आणि अण्णांकडे सहा अंकांत असेल. उद्या सोलापूरवर कुणी खरं लिहायला बसलं, तर त्याला या ट्रंकेपाशी यावं लागेल.

हे करताना आईला जवळ बसव. खुर्चीवर, जमिनीवर नको. तिला अंक आठवतील, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. कुठला अंक कुणाच्या बारशाला अडकला, कुठल्या वेळी कागदवाल्याचं बिल पाटल्यांतून गेलं, ती तारखेनिशी सांगेल. अण्णा त्याच खोलीत असू देत. ते काही बोलणार नाहीत, चष्मा पुसतील. असू दे.

आणि मग तिला विचार, अण्णांसमोर: विकायचं, चालवायचं, की शेवटचा अंक काढून आपणच बंद करायचं? बाबासाहेबांचं 'मूकनायक' तीनेक वर्षांतच थांबलं होतं. अण्णांना हे मी सांगायला नको. शेवटचा अंक काढायचं ठरलंच, तर तळाच्या त्या बारीक ओळीत वितरक म्हणून आईचं नाव घालायला सांग. कायद्यानं लागत नाही, पण घालायला बंदीही नाही.

तिनं विक म्हटलं, तर विका. तेव्हा माझं मत बाजूला ठेव. वकिलाकडून नोंदणी बदलून, ती तळाची ओळ बदलून घेऊन, मगच पैसे.

गुरुवारी विचारू नकोस, गुरुवारी त्या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आई काय म्हणाली ते मला कळव, आणि तोवर कुठल्याही कागदावर अण्णांची सही होऊ देऊ नकोस.

– अक्का